रक्ताला ‘ऊती’ का म्हणायचे? नववीच्या वर्गातून आलेला प्रश्न

पूर्णाकाठचा मास्तर (जिंतूर), धागाकर्ता

नमस्कार. मी जिंतूर तालुक्यातील एका जिल्हा परिषद प्रशालेत नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. मागच्या आठवड्यात प्राणी ऊतींचा, म्हणजे एकच काम करणाऱ्या सारख्या पेशींच्या समूहांचा, भाग घेतला. अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता ही चार नावे फळ्यावर लिहिण्यापूर्वी, मुलांना शब्दाची गोडी लागावी म्हणून, मी ‘ऊती’ या शब्दाचे मूळ सांगितले. संस्कृतमध्ये ‘वे’ या धातूचा अर्थ विणणे. त्यावरून ‘ऊत’ म्हणजे विणलेले आणि ‘ऊती’ म्हणजे वीण. आपण ‘ओतप्रोत’ म्हणतो, त्यातला ‘ओत’ही याच कुळातला. मुलांना हे आवडले. पुढे संयोजी ऊतींची उदाहरणे लिहिताना मी ‘रक्त’ लिहिले आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीने उभे राहून विचारले, “सर, फडकं फाडलं की दोरा निघतो. रक्तातून कुठला दोरा निघणार?”

मी पुस्तकातले उत्तर दिले: संयोजी ऊतीत पेशी विखुरलेल्या असतात, त्यांच्या भोवती आधारद्रव्य असते, हाडात ते टणक असते आणि रक्तात द्रव असते. ती खाली बसली, परंतु तिचे समाधान झाले नव्हते हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. त्वचा, मांस, हाड, मेंदू यांना ऊती म्हणताना मनात अडखळायला होत नाही. रक्ताला म्हणताना होते. या वर्गीकरणामागचे कारण काय, आणि ते तालुक्याच्या शाळेत, एका जुन्या सूक्ष्मदर्शकाच्या जोरावर, दाखवता येईल काय, एवढे दोनच प्रश्न आहेत.

काचपट्टी (लातूर)

मास्तर, मी एकोणीस वर्षांपासून एका खासगी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे आणि तुमच्या विद्यार्थिनीची शंका आमच्या रोजच्या कामातही दिसते. आमच्याकडे दोन टेबले आहेत. एकावर ‘रक्त-लघवी’ आणि दुसऱ्यावर ‘तुकडा’. रुग्णालयातून शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा फॉर्मालिनच्या डबीतून येतो. त्यातले पाणी चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने काढायचे, मग झायलीनमध्ये ठेवायचा, मग वितळलेल्या मेणात मुरवून त्याची वडी पाडायची. ही वडी मायक्रोटोमवर चढवून साधारण चार मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे. काप कोमट पाण्यावर सोडला की कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा पसरतो. श्वास जोराने सोडला तरी चुरगळतो. तो काचेवर उचलून दोन रंगांत बुडवायचा. पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात आणि बाकी बहुतेक सगळे गुलाबी होते.

रक्ताला यातले काहीच करावे लागत नाही. थेंब घेतला, दुसऱ्या काचेच्या कडेने पसरवला, वाळवला, लिशमनचा रंग टाकला, झाले. त्यामुळे ‘रक्त ही ऊती आहे’ हे वाक्य मी परीक्षेत लिहिले होते, पण हाताला ते कधी पटले नाही. जाणकारांचे उत्तर वाचायला मीही थांबतो.

येसर आमटी (परळी)

ऊतीवर चर्चा करायला ‘धागा’च काढावा लागला, ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नसेल तर नोंदवून ठेवतो.

मुकुंदराजाची टेकडी (अंबाजोगाई)

मी शरीररचनाशास्त्र शिकवले आहे, आता निवृत्त आहे. मास्तरांच्या विद्यार्थिनीला आधी माझ्याकडून शाबासकी सांगावी.

विणण्याची कल्पना केवळ आपल्या भाषेची नाही. पॅरिसमधील झाविए बिशा यांनी शवविच्छेदनातून शरीराचे एकवीस प्रकारचे ‘पोत’ वेगळे केले आणि त्यांना फ्रेंच भाषेतला विणलेल्या कापडाचा शब्द वापरला. सूक्ष्मदर्शकावर त्यांचा विश्वास नव्हता. ते तुकडे उकळत, वाळवत, आम्लात भिजवत, कुजू देत, आणि कोणता तुकडा कशाने कसा बदलतो यावरून प्रकार ठरवत. त्यांचा मोठा ग्रंथ १८०१ साली आला आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते वारले. पुढे या शास्त्राला जे ग्रीक नाव मिळाले त्याच्या मुळाशीही माग किंवा मागावरचे कापड असा अर्थ असलेला शब्द आहे. मराठीत ‘ऊती’ शब्द योजणाऱ्यांनी हाच धागा पकडला.

आता वर्गीकरणाकडे येऊ. एकवीसांचे चार झाले ते सूक्ष्मदर्शकामुळे आणि भ्रूणविज्ञानामुळे. चारही कुटुंबांना एकच प्रश्न विचारून पाहावा: तुमच्या दोन पेशींच्या मध्ये काय आहे? अभिस्तर ऊतीचे उत्तर, ‘जवळजवळ काही नाही.’ तिथे पेशी एकमेकींना चिकटून बसतात, कारण त्यांचे काम आतले आणि बाहेरचे वेगळे ठेवण्याचे आहे. गालाच्या आतली बाजू, आतड्याचे अस्तर, फुप्फुसातील वायुकोशांची भिंत, सगळीकडे हेच. स्नायू ऊतीत लांबट पेशी एका दिशेने जुडग्यांत बांधलेल्या असतात, कारण त्यांना आखडायचे असते आणि ओढ एका रेषेत लागली पाहिजे. चेता ऊतीत पेशींना लांब शेपट्या असतात आणि मधल्या जागेत त्यांची देखभाल करणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. संयोजी ऊतीचे उत्तर मात्र उलटे आहे: तिथे मधली जागाच महत्त्वाची. हाडाचा टणकपणा, स्नायुरज्जूची (स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीची) चिवट ताकद, कास्थीचा (कूर्चेचा) लवचीकपणा यांपैकी एकही गुण पेशींचा नाही. पेशींनी आपल्याभोवती जे रचले आहे त्याचा आहे. रक्त या निकषावर संयोजी ऊतीत जाते. प्रौढ माणसाच्या सुमारे पाच लिटर रक्तात निम्म्याहून थोडा जास्त भाग हा पेशींच्या मधला द्रव, म्हणजे प्लाझ्मा असतो.

दुसरे कारण जन्माचे. गर्भातील मधल्या थरातून हाड, कास्थी, चरबी आणि रक्त हे सगळे निघतात, आणि जन्मानंतर रक्तपेशी हाडाच्या पोकळीतच तयार होतात. रक्त हे हाडाच्या घरात वाढलेले भावंड आहे.

शंकासुर (छत्रपती संभाजीनगर)

टेकडीताई, तुमचा प्रतिसाद आवडला, तरी एक आक्षेप नोंदवतो. तुम्हीच म्हणता की संयोजी ऊतीत पेशी आपल्याभोवतीचे द्रव्य स्वतः रचतात. हाडाच्या पेशी हाड घडवतात, कास्थीच्या पेशी कास्थी घडवतात. मग प्लाझ्मा लाल पेशींनी घडवला काय? त्यातील बहुतेक प्रथिने यकृतात तयार होतात आणि पाणी-क्षार आतड्यांतून येतात. ज्या घराच्या भिंती शेजाऱ्याने बांधल्या, त्या घराला ‘स्वतः बांधलेले घर’ कसे म्हणायचे? मला तरी हे वर्गीकरण कपाटात जागा उरली म्हणून ठेवलेल्या वस्तूसारखे वाटते.

मुकुंदराजाची टेकडी (अंबाजोगाई)

आक्षेप योग्य आहे आणि ऊतिविज्ञानातही तो घेतला जातो. म्हणूनच रक्ताला ‘विशेषित’ संयोजी ऊती असे म्हणून थोडे बाजूला बसवतात. जन्माचे कारण मी दुसरे म्हणून लिहिले, तेच खरे तर पहिले लिहायला हवे होते. मुलांना मात्र ‘उरलेले कपाट’ हे उत्तर देऊ नये, कारण या कपाटातली भावंडे एकमेकांच्या मदतीला धावतात. हाड मोडले म्हणजे प्रथम तिथे रक्त साचून गोठते. त्या गाठीत तंतू तयार करणाऱ्या पेशी शिरतात, मग मऊ कास्थीचा सांधा तयार होतो, मग त्या जागी घाईघाईने रचलेले कच्चे हाड येते आणि शेवटी कित्येक महिने ते घासून-पुसून पक्के होते. एकाच जागी रक्त, तंतुमय ऊती, कास्थी, हाड असे पाळीपाळीने काम करतात. प्लास्टर काढल्यावर एक्स-रेत जी फुगीर गाठ दिसते ती या कामाची खूण असते.

पैठणचा माग (पैठण)

आमच्या घरी तीन पिढ्या माग चालत आला आहे. विज्ञान मी बारावीपर्यंत शिकलो, तरी विणण्याबद्दल दोन शब्द बोलण्याचा अधिकार मला असावा.

‘विणलेले’ या शब्दाने सगळ्यांचा एक गैरसमज होतो. कापड म्हणजे धागे, असे पाहणाऱ्याला वाटते. विणकराला माहीत असते की ताणा मागावर चढवण्यापूर्वी सुताला खळ द्यावी लागते. खळ नीट बसली नाही तर फणीत घासून धागे तुटतात. कापड विणून झाल्यावर ती खळ धुऊन जाते आणि कोणाच्या लक्षातही राहत नाही. ताईंनी ‘मधली जागा’ म्हटले तेव्हा मला ही खळ आठवली. हाडात आणि स्नायुरज्जूत खळ वाळलेली आहे, रक्तात ती अजून पातेल्यात आहे, असे समजले तर चालेल काय?

आणखी एक. टेकडीताईंनी सांगितलेली अभिस्तर ऊती मला विणलेली वाटतच नाही. ती फरशी आहे. तेव्हा त्या मुलीने रक्ताबद्दल जे विचारले ते गालाच्या अस्तराबद्दलही विचारायला हवे होते.

काचपट्टी (लातूर)

‘फरशी’ हा शब्द अचूक आहे. मास्तरांनी वर्गात हे सहज दाखवावे. चूळ भरून, स्वच्छ आइस्क्रीमच्या काडीने गालाची आतली बाजू हलकेच खरवडावी, काचेवर पुसावे, मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाकावा आणि आधी लहान, मग मोठ्या भिंगाखाली पाहावे. सपाट, कडा दुमडलेल्या पेशी आणि प्रत्येकीच्या मध्यभागी निळा ठिपका दिसतो. त्या सुट्या दिसतात, कारण वरच्या थरातून झडायला आलेल्या असतात. त्वचेचा वरचा थर साधारण महिनाभरात बदलतो आणि लहान आतड्याचे अस्तर तर तीन ते पाच दिवसांत नवे होते. घासले जाणाऱ्या जागी फरशी अनेक थरांची, आणि जिथून काही आरपार जायचे तिथे एकाच थराची, हा नियम मुलांच्या लक्षात चांगला राहतो.

नीटची तयारी (लातूर)

मी मराठी माध्यमातून दहावी केली आणि आता अकरावीला आहे. माझी अडचण वेगळी आहे. मराठीत पेशी म्हणजे शरीराचा सर्वांत लहान घटक. शिकवणीतल्या मित्राकडे हिंदी पुस्तक आहे, त्यात पेशी म्हणजे स्नायू, आणि आपल्या पेशीला कोशिका म्हटले आहे. आजोबा ‘मज्जातंतू’ म्हणतात, पुस्तकात ‘चेतातंतू’ आहे, आणि ‘अस्थिमज्जा’ म्हटले की हाडातला मगज. एकच मज्जा मेंदूतही आणि हाडातही कशी?

गोदातीरीचा वैद्य (नांदेड)

बाळा, हा गोंधळ तुझा नाही, भाषेच्या प्रवासाचा आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात तीनशे अस्थी, पाचशे पेशी, नऊशे स्नायू आणि सातशे सिरा अशी गणना आहे. तिथे ‘पेशी’ म्हणजे मांसाचा गोळा, म्हणजे आजचा स्नायू. हिंदीने तो अर्थ टिकवला. तिथे ‘स्नायू’ म्हणजे बांधणारे दोर, म्हणजे आजचे अस्थिबंध आणि स्नायुरज्जू यांच्या जवळचे काही. मराठीने ‘स्नायू’ हा शब्द आखडणाऱ्या मांसाला दिला, त्यामुळे ‘पेशी’ मोकळी झाली आणि ती सूक्ष्मदर्शकातल्या नव्या घटकाच्या वाट्याला आली. बंगालीत तर ‘स्नायू’ म्हणजे चेतातंतू. ‘मज्जा’चेही तसेच झाले: हाडाच्या पोकळीतला मऊ मगज आणि पाठीच्या कण्याच्या पोकळीतला मऊ रज्जू, दोन्ही हाडात दडलेले आणि मऊ, म्हणून एकच नाव पडले असावे असा माझा तर्क आहे.

या निमित्ताने असे सुचवावेसे वाटते, की आयुर्वेदातील रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र हे सप्तधातू म्हणजे ऊतींचे प्राचीन वर्गीकरणच होय. त्यात रक्ताला स्वतंत्र स्थान आहे. मास्तरांनी ते मुलीला सांगावे.

शंकासुर (छत्रपती संभाजीनगर)

वैद्यबुवा, शब्दांचा इतिहास फार उत्तम सांगितलात. शेवटच्या परिच्छेदाशी मात्र सहमत होता येत नाही. सप्तधातूंत त्वचेचे आणि आतड्याचे अस्तर कुठे बसते? चेता ऊती कुठे बसते? धातूंची मांडणी ही एकातून दुसरा पोसला जातो अशा क्रमाची आहे, तर ऊतींची मांडणी रचनेवर आणि कामावर आहे. दोन वेगळ्या प्रश्नांची दोन वेगळी उत्तरे एकमेकांवर बसवली की दोन्ही मुडपतात.

गोदातीरीचा वैद्य (नांदेड)

‘वर्गीकरणच होय’ हे मी घाईने लिहिले, ‘समांतर विचार’ असे लिहायला हवे होते. पोषणाचा क्रम हा धातुविचाराचा गाभा आहे, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. मेद, मांस आणि अस्थी यांचा मेळ सहज लागतो म्हणून बाकीच्यांचाही लावण्याचा मोह होतो.

फडावरचा (धारूर)

शब्दांचा गोंधळ म्हणजे केवळ परीक्षेची अडचण नव्हे, हे सांगण्यासाठी लिहितो.

मी ऊसतोड कामगाराचा मुलगा आहे. अकरा वर्षांपूर्वी साखरपट्ट्यात, पहाटे दव असताना, बापाच्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला कोयता बसला. फडातल्या सगळ्यांनी एकच सांगितले, “शीर तुटली.” आमच्याकडे रक्त वाहणारी नळी म्हणजे शीर, मनगटावर ताठ उठते ती दोरी म्हणजेही शीर, आणि मुंग्या येतात तीही शीर. पटका आवळून बांधला, रक्त थांबले. जवळच्या एका दवाखान्यात टाके घातले आणि शीर बांधली असे सांगितले. आम्हाला वाटले, काम झाले. बाप चौथ्या दिवशी पुन्हा टोळीत मोळ्या बांधायला उभा राहिला.

पंधरा दिवसांनी टाके काढले, जखम छान भरली होती. पण तर्जनी आणि मधले बोट वाकत नव्हते, आणि चहाचा कप धरला तर चटका अंगठ्याजवळ कळत नव्हता. आई भाकरी थापताना त्याला तवा सरकवायला सांगायची. एकदा बोटाला फोड आला तो त्याला फोड दिसल्यावर कळला. मोठ्या गावातल्या डॉक्टरांनी कागदावर मनगट काढून तीन गोष्टी वेगळ्या दाखवल्या: ही रक्तवाहिनी, ती बांधली गेली होती, हे स्नायुरज्जू, हे बोट ओढतात, हे तुटून वर सरकले आहेत, आणि ही चेता, ही तुटली आहे. पहिल्याच दिवशी या तिन्हींची नावे कोणी वेगळी घेतली असती तर त्याच दिवशी जोडणी झाली असती.

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, चेता साधारण दिवसाला एक मिलिमीटर वाढते. मी तेव्हा आठवीत होतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पट्टीने मोजले, सतरा सेंटिमीटर आले, म्हणजे निदान एकशे सत्तर दिवस. मी दिनदर्शिकेवर रोज फुली मारत असे. दर आठ-पंधरा दिवसांनी डॉक्टर तळहातावर बोटाने टिचकी मारत पुढे जात आणि बापाला झिणझिण्या कुठे येतात ते विचारत. ती जागा हळूहळू पुढे सरकत होती. हंगाम संपून दुसरा सुरू झाला तेव्हा त्याला बोटाच्या टोकाला गरम लागले. बोटे आजही पूर्ण मिटत नाहीत.

मी विज्ञान शाखेला गेलो नाही. पण चार ऊती मला पाठ कराव्या लागल्या नाहीत.

पूर्णाकाठचा मास्तर (जिंतूर), धागाकर्ता

फडावरचे दादा, आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलांचे आईवडील दिवाळीनंतर गावात नसतात. तुमची परवानगी असेल तर हा प्रसंग नाव न घेता वर्गात सांगेन.

फडावरचा (धारूर)

अवश्य सांगा सर. दिवसाला एक मिलिमीटर हे मुलांना पट्टीवर मोजून दाखवा.

दातांचा दवाखाना (जालना)

‘मधली जागा’ बिघडली तर काय होते, त्याचे उदाहरण माझ्या खुर्चीत रोज बसते. गुटखा आणि सुपारी चघळणाऱ्या तरुणांच्या गालाच्या आत, वैद्यबुवांच्या भाषेत दोर तयार होतात. सुपारीतील द्रव्यांमुळे अस्तराखालच्या तंतू तयार करणाऱ्या पेशी कोलॅजन (या तंतूंचे प्रथिन) अधिक घडवू लागतात आणि जुने कोलॅजन मोडण्याचे काम मंदावते. गाल पांढुरका आणि कडक होतो. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी जातात. या मुलांच्या तोंडात एक जाते. तिखट सहन होत नाही म्हणून ते येतात, आणि पुढे त्यांतल्या काहींच्या त्याच जागी कर्करोग होतो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पुड्या मात्र माझ्या दवाखान्याच्या पायरीवर सापडतात.

शरीरातील सर्व प्रथिनांपैकी साधारण तीस टक्के कोलॅजन असते. ते कमी पडले तरी वाईट, कारण ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावी ते नीट विणले जात नाही आणि हिरड्यांतून रक्त येते, आणि नको तिथे वाढले तरी वाईट.

नीटची तयारी (लातूर)

मध्येच विचारतो, क्षमा असावी. हृदयाचा स्नायू पट्टेदार आहे, पण आपल्या इच्छेने चालत नाही. मग तो ऐच्छिकांच्या रांगेत की अनैच्छिकांच्या?

मुकुंदराजाची टेकडी (अंबाजोगाई)

तिसऱ्या रांगेत, एकटाच. पट्टे दंडाच्या स्नायूसारखे आहेत, कारण आखडण्याची यंत्रणा तशीच आहे. स्वभाव आतड्याच्या स्नायूसारखा आहे, कारण तो मेंदूला विचारून चालत नाही. शिवाय त्याच्या पेशी फांद्या फुटलेल्या आणि टोकाला एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे एकीला मिळालेला इशारा सगळ्यांना पोचतो. नव्या पेशी तयार होण्याचा वेग मात्र फार कमी: पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का, आणि पुढे तोही घटतो, असे २००९ साली दाखवण्यात आले. म्हणून हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागी स्नायू येत नाही, तंतुमय ऊतीचा व्रण येतो.

खाटीक गल्ली (धाराशिव)

माझे मटणाचे दुकान आहे. धागा सकाळपासून वाचतो आहे आणि मला नवल वाटते, की रक्तातून दोरा निघतो हे आतापर्यंत कोणी सांगितले नाही. आमच्याकडे तो रोज निघतो.

बोकड कापल्यावर रक्त पातेल्यात धरतात. रक्तीची भाजी करायची असेल तर ते तसेच गोठू देतात, वड्या पडतात. पण रक्त पातळच ठेवायचे असेल तर धरता धरता काठीने ढवळत राहावे लागते. चार-पाच मिनिटांत काठीला चिवट दोरे गुंडाळले जातात. काठी बाहेर काढून पाण्याखाली धरली तर लाल रंग धुऊन जातो आणि हाताला पांढरे, रबरासारखे ताणले जाणारे सूत लागते. एकदा हे सूत काढून घेतले की उरलेले रक्त दिवसभर ठेवले तरी गोठत नाही. मास्तर, त्या लेकराला सांगा, तुझा दोरा आमच्या काठीवर आहे.

बाकीच्या ऊतींचेही माझ्या ओट्यावर दुकान मांडलेले असते. पायाला तासभर शिजवले तरी दोर चामड्यासारखे राहतात, आणि रात्रभर मंद आचेवर ठेवले की तेच रस्सा चिकट करतात. वझडीची आतली बाजू टॉवेलसारखी लोकरीची असते आणि बाहेरची गुळगुळीत.

येसर आमटी (परळी)

वझडीच्या उल्लेखानंतर हा धागा उपाशीपोटी वाचू नये, अशी सूचना प्रशासकांनी वर लावावी.

काचपट्टी (लातूर)

एकोणीस वर्षे रक्त हाताळतो आणि हे मला सुचले नाही, याची लाज वाटते. ते सूत म्हणजे फायब्रिन. प्लाझ्मात ते विरघळलेल्या रूपात असते, यकृतातून आलेले, तेव्हा त्याला फायब्रिनोजेन म्हणतात. रक्त सांडले की थ्रॉम्बिन नावाचे विकर त्याचे छोटे तुकडे छाटते आणि उरलेले रेणू आपोआप एकमेकांना जुळून धागे होतात. त्या जाळीत लाल पेशी अडकतात, तीच गाठ. सूक्ष्मजीव वाढवण्यासाठी आम्ही मेंढीचे जे रक्त मागवतो तेही असेच, काचेचे मणी टाकून हलवून, सूत काढलेले असते. लेबलवरचा ‘डीफायब्रिनेटेड’ हा शब्द रोज वाचूनही त्याचा ‘सूत काढलेले’ हा अर्थ मी कधी लक्षात घेतला नाही.

मास्तरांना विनंती, की मुलांच्या बोटाला सुई टोचून प्रयोग करू नये. संसर्गाचा धोका असतो.

पैठणचा माग (पैठण)

म्हणजे माझी उपमा अपुरी होती. रक्तात नुसती खळ नाही. त्या खळीत सूतही विरघळवून ठेवले आहे. असे सूत आमच्या मागाला मिळाले असते तर कांड्या भरण्याचे कष्ट वाचले असते.

शंकासुर (छत्रपती संभाजीनगर)

सूतही यकृताचेच, हे नोंदवून मी माझा आक्षेप अर्धा मागे घेतो. अर्धा ठेवतो.

पूर्णाकाठचा मास्तर (जिंतूर), धागाकर्ता

सर्वांना कळवण्यास आनंद होतो, की काल प्रयोग झाला. धाराशिव लांब पडते, म्हणून आमच्या बाजाराच्या गावातल्या एका दुकानदाराकडे पहाटे गेलो. त्यांना हे नवे नव्हते. मी मास्तर असूनही मला ते माहीत नव्हते, याचेच त्यांना हसू आले. काठीवरचे सूत धुऊन, मिठाच्या पाण्यात, काचेच्या बरणीत वर्गात नेले. रबरी हातमोजे घालून मी ते ताणून दाखवले. दोन मुलांनी नाक धरले आणि मुख्याध्यापकांनी बरणी मधल्या सुट्टीपूर्वी शाळेबाहेर नेण्याची आज्ञा केली, पण तोपर्यंत सगळ्यांचे पाहून झाले होते.

ज्या मुलीने प्रश्न विचारला होता ती बराच वेळ बरणीजवळ उभी राहिली. मला वाटले, आता तरी समाधान झाले. ती म्हणाली, “सर, मग अंगात असताना हे सूत का होत नाही? रक्त तर तिथंबी ढवळतंयच की.”

माझ्याकडे पुन्हा उत्तर नाही.

मुकुंदराजाची टेकडी (अंबाजोगाई)

तिला सांगावे, की याचे उत्तर पैठणकरांच्या फरशीत आहे. प्रत्येक रक्तवाहिनीला आतून एकाच थराच्या, अत्यंत सपाट अभिस्तर पेशींचे अस्तर असते. त्या पेशी रक्ताला चिकटू देत नाहीत, गोठू न देणारी द्रव्ये स्वतः तयार करतात आणि थ्रॉम्बिनला आवर घालतात. या अस्तराच्या लगेच खाली कोलॅजनचे तंतू असतात, जे रक्ताला एरवी कधी दिसत नाहीत. नळी कापली गेली की फरशी फुटते, रक्तबिंबिका (प्लेटलेट्स) त्या उघड्या पडलेल्या कोलॅजनला चिकटतात, आजूबाजूच्या पेशींवरचे दुसरे एक प्रथिन रक्ताला भेटते आणि सूत पडायला सुरुवात होते. जखम म्हणजे नेमके काय हे रक्ताला कळते ते अशा रीतीने: एका ऊतीचा पडदा गेला आणि दुसरी ऊती समोर आली. खाटकाच्या पातेल्यातल्या रक्तालाही, कापलेल्या मानेतून येताना, हा इशारा मिळालेला असतो.

पूर्णाकाठचा मास्तर (जिंतूर), धागाकर्ता

ताई, हे मी तिला शब्दशः वाचून दाखवीन. खाटीक गल्लीवाले भाऊ, बोकडाच्या मोठ्या रक्तवाहिनीचा वीतभर तुकडा मिळाला तर उभा चिरून आतले अस्तर दाखवता येईल काय? डोळ्यांना काही दिसेल?

खाटीक गल्ली (धाराशिव)

आतून चकचकीत, ओल्या काचेसारखी गुळगुळीत दिसते. बोट फिरवले तर घसरते. बाहेरून मात्र खरबरीत आणि चरबी चिकटलेली असते. काळजाजवळची जाड नळी मागा, ती चिरायला सोपी आहे. तुमच्या गावच्या दुकानदाराला आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि सातच्या आत जा, कारण नंतर ती कुत्र्यांच्या वाट्याला जाते.